रोज कुणीतरी मनालीत असतं

गेल्या रविवारची गोष्ट. दुपारी सुरमईचं कालवण जमून आलं होतं. संध्याकाळी भाईंदरला जेसल पार्कच्या चौपाटीवर चक्कर झाली. खाडीवरून वारा चांगला होता, पुलावरून वसईकडे जाणाऱ्या गाड्या बघत भाजलेलं कणीस खाल्लं. रात्री साडेदहाला अंथरुणावर पडले आणि सवयीनं फोन उघडला. मावसबहीण केरळात गेली होती. हाउसबोट, बोटीच्या टोकाला वेताची खुर्ची, खुर्चीत ती, हातात शहाळं. अकरा फोटो. त्याखाली शाळेतल्या मैत्रिणीच्या मुलीचा अमेरिकेतला पदवीदान समारंभ. त्याखाली कुणाचं तरी नवं पांढरंशुभ्र मॉड्युलर किचन.

पावणेअकराला फोन ठेवला तेव्हा दिवस आंबला होता. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं गं?" "कुठे काय!" म्हणत मी कूस बदलली. खरंच काही झालं नव्हतं. त्या पंधरा मिनिटांत पगार कमी झाला नव्हता, घर लहान झालं नव्हतं, कालवणाची चवही मागे जाऊन बिघडणार नव्हती. तरी संध्याकाळचं ते कणीस आता गरिबाघरचं वाटायला लागलं होतं. बाहेर काहीही न बदलता आत एवढं बदलतं कसं?

माप नसलेल्या गोष्टी

पीठ किती आहे हे वजनकाटा सांगतो. ताप किती हे थर्मामीटर सांगतो. पण संसार बरा चाललाय का, पन्नाशीपर्यंत आपण पुरेसं काही केलं का, मूल हुशार आहे का, हे सांगणारं यंत्र घरात नसतं. मग माणूस शेजारी बघतो. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली हे पहिल्यांदा नीट मांडलं. आपण कुठे आहोत हे जाणून घेण्याची ओढ प्रत्येकाला असते आणि पक्कं माप हाताशी नसेल तेव्हा माणूस दुसऱ्या माणसांनाच माप म्हणून वापरतो, असं त्याचं म्हणणं. 'सामाजिक तुलना' हा शब्द तिथून रूढ झाला. मराठी आईबापांना हा सिद्धांत शिकवावा लागत नाही. मुलानं ७८ गुण सांगितले की आपला पहिला प्रश्न तयार असतो, "वर्गात हायेस्ट किती?"

फेस्टिंजरच्या मांडणीतला दुसरा भाग मला जास्त कामाचा वाटतो. माणूस स्वतःची तुलना वाटेल त्याच्याशी करत नाही, स्वतःसारख्याशी करतो. अब्जाधीशाची अँटिलिया ही इमारत बघून मीरा रोडच्या कुणाची झोप उडालेली मी ऐकलेली नाही. झोप उडते ती आपल्याच बॅचच्या, आपल्याच पगाराच्या माणसानं बोरिवलीत टू बीएचके घेतल्यावर. अंतर जितकं कमी, तितकी बोच जास्त. आमच्या या मीरा-भाईंदर शहराला तर ही बोच जन्मापासून आहे. फोनचा कोड मुंबईचाच, ०२२. पिनकोड मात्र ४०१ नं सुरू होतो. मधे दहिसरचा नाका. नातेवाईक विचारतात, "मग तुम्ही मुंबईत की बाहेर?" आणि आम्ही उत्तराआधी अर्धा क्षण थांबतो.

तुलना वर बघूनही होते, खाली बघूनही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांच्या चेहऱ्यांचं चित्रीकरण काही मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दाखवलं आणि कोण किती खूश दिसतं याला गुण द्यायला सांगितले. रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यपदकवाले अधिक आनंदी ठरले. दुसरा आलेला सुवर्णाकडे बघत असतो. तिसरा आलेला, पदक थोडक्यात हुकलेल्या चौथ्याकडे. म्हणजे सुख तुमच्या क्रमांकावर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच तुम्ही त्या क्षणी कुणाकडे बघताय यावरही असतं. आणि कुणाकडे बघायचं हे ठरवण्याचं काम आपण हल्ली फोनवर सोपवलं आहे.

चाळीची गॅलरी, फ्लॅटचं दार

मी सहावीपर्यंत गिरगावातल्या चाळीत वाढले. दोन खोल्या, पुढे सगळ्यांना सामाईक गॅलरी. तुलना तिथे दिवसभर चालायची. कुणाकडे टीव्ही आला, कुणाच्या मुलीला सांगून आलं, कुणाची पैठणी खरी नि कुणाची सेमी, सगळ्याचा हिशेब गॅलरीत मांडला जाई. पण गॅलरीत दोन्ही बाजू दिसत. टीव्ही घेणाऱ्या बिऱ्हाडातलं रात्रीचं भांडण भिंतीपलीकडून ऐकू येई. पैठणीवाल्या काकू महिनाअखेरीला वाटीभर साखर मागायला येत. हेवा वाटायचा, पण सोबत उरलेली माहितीही मिळायची आणि हिशेब आपोआप जुळायचा. (चाळीचे गोडवे गायला मी बसलेले नाही. सकाळची संडासाची रांग ज्यांनी धरली आहे, ते ती चूक करत नाहीत.)

मग आम्ही मीरा रोडला आलो. आमच्यासारखे हजारो आले. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. २००१ मध्ये ती पाच लाखांवर गेली, २००२ च्या फेब्रुवारीत महानगरपालिका झाली आणि २०११ पर्यंत आठ लाखांचा आकडा ओलांडला. कुणी लालबागहून आलं, कुणी राजस्थानातून, कुणी उत्तर प्रदेशातून. वीस वर्षांत एवढी माणसं एकमेकांना अनोळखी अशी शेजारी येऊन राहिली आणि प्रत्येकाला स्वतःचं दार मिळालं. लॅच लावला की बंद होणारं. ते दार मिळावं म्हणून लोकांनी दागिने मोडले होते, त्याची किंमत मी कमी लेखणार नाही. पण दारामागचं भांडण आणि साखरेची वाटी त्याबरोबर दिसेनाशी झाली.

२०१७ च्या फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवर चोवीस तासांनी मावळणारं स्टेटस आलं आणि बंद दाराला एक खिडकी फुटली. खिडकी मात्र घरमालकाच्या मर्जीनं उघडते. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत. समोरच्यांनी गणपतीला केलेली आरास मला रोज दिसली. त्याच महिन्यात त्यांच्या घरचा मोठा मुलगा नोकरी जाऊन घरी बसला होता, हे मला दिवाळीनंतर कळलं, तेही लिफ्टमध्ये.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींचा २०११ चा एक अभ्यास याच गोष्टीवर आहे. विद्यार्थ्यांना विचारलं की गेल्या काही दिवसांत तुमच्या वाट्याला वाईट काय आलं, आणि तुमच्या बरोबरीच्या किती जणांना असं काही सोसावं लागलं असेल? दुसऱ्यांच्या दुःखाचा अंदाज एकूणात कमी बांधला गेला. कारण साधं होतं. माणूस हसतो चारचौघांत आणि रडतो एकटा. प्रत्येक जण दुसऱ्याचं चारचौघांतलं रूप आणि स्वतःचं एकट्यातलं रूप शेजारी शेजारी ठेवून बघतो आणि मग आपणच कमनशिबी असा निष्कर्ष काढतो.

रिकामी गाडी कुणाला दिसते?

समजा, सगळ्यांनी प्रामाणिकपणे सगळं फोनवर टाकलं. कुणीही काही लपवलं नाही, फुगवलं नाही. तरीही आपण मागे पडलोय असंच आपल्याला दिसेल. हे जरा गणिताचं आहे, पण लोकलनं प्रवास करणाऱ्याला लगेच कळेल.

विरारहून भरून आलेली गाडी मीरा रोडला येते तेव्हा आत शिरणं ही एक विद्या आहे. म्हणून तर आमच्याकडची माणसं उलटी भाईंदरला जाऊन, तिथून सुटणाऱ्या गाडीत जागा पकडून येतात. आता कल्पना करा, दोनच गाड्या आहेत. एकीत ४००० माणसं, दुसरीत १०००. रेल्वेचा अधिकारी म्हणेल, एका गाडीत सरासरी अडीच हजार माणसं, म्हणजे बरं चाललंय. पण तुम्ही फलाटावर उतरलेल्या पाचही हजार प्रवाशांना विचारा, "तुमच्या गाडीत किती गर्दी होती?" चार हजार जण म्हणतील ४०००, एक हजार जण म्हणतील १०००. या उत्तरांची सरासरी काढली तर ती ३४०० येते. खोटं कुणीच बोललेलं नाही. गर्दीच्या गाडीचे साक्षीदार जास्त, रिकाम्या गाडीचे कमी, एवढंच. पूर्ण रिकाम्या गाडीला तर साक्षीदारच नसतो.

मैत्रीचंही असंच असतं, हे स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये दाखवलं. म्हणजे फेसबुकच्या जन्माआधी तेरा वर्षं. बहुतेक माणसांना स्वतःपेक्षा आपल्या मित्रांना मित्र जास्त असल्याचं आढळतं. कारण ज्याला हजार मित्र आहेत तो हजार जणांच्या यादीत असतो आणि ज्याला पाच आहेत तो पाचांच्या. यादी उघडली की हजारवालाच जास्त वेळा समोर येतो. पुढे २०११ मध्ये फेसबुकच्या सुमारे ७२ कोटी वापरकर्त्यांची आकडेवारी तपासली गेली. त्यातल्या ९३ टक्के लोकांची मित्रसंख्या त्यांच्या मित्रांच्या सरासरी मित्रसंख्येपेक्षा कमी निघाली. शंभरातले त्र्याण्णव 'माझ्यापेक्षा माझे मित्र लोकप्रिय' म्हणाले तर ते बरोबर बोलत असतील!

मित्रांच्या जागी सहली, हॉटेलं, बक्षिसं काहीही घाला. जो खूप फिरतो त्याचे फोटो जास्त. जो शनिवारी घरी डाळ-तांदूळ निवडत बसला होता त्याचा फोटोच नाही. तो रिकाम्या गाडीसारखा. आणि तसे घरी बसलेले त्या शनिवारी बहुसंख्य होते.

चौकट : एक छोटा हिशेब

तुमच्या फोनमध्ये ३०० ओळखीची कुटुंबं आहेत असं धरू. प्रत्येक कुटुंब वर्षातून एकदाच, एकच आठवडा फिरायला जातं. तुमच्याइतकंच. वर्षाचे आठवडे ५२. ३०० भागिले ५२ केलं की पावणेसहाच्या जवळ उत्तर येतं. म्हणजे वर्षातल्या कोणत्याही आठवड्यात पाच-सहा कुटुंबं सहलीवर असणारच. मे महिन्यात आणि दिवाळीत आणखी जास्त. प्रत्येक जण एकदाच जातो, तरी तुमच्या फोनवर रोज कुणीतरी मनालीत असतं. मन मात्र तीनशे कुटुंबं वेगवेगळी मोजत नाही. ते 'लोक' असं एकच खातं उघडतं, आणि हे 'लोक' नावाचं कुटुंब बारा महिने फिरतच असतं.

उत्तनला, सूर्यास्ताच्या वेळी

वरच्या हिशेबात सगळे प्रामाणिक आहेत असं आपण धरलं होतं. आता खऱ्या जगात येऊ.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला बस जाते. कोळ्यांचं जुनं गाव, होड्या, चर्च, आणि पावसाळा सोडला तर किनाऱ्यावर बांबूंना टांगून सुकत घातलेले बोंबील. मागच्या हिवाळ्यात तिथे मी दोन मुलींना रील करताना बघितलं. एकीनं ओढणी वाऱ्यावर सोडायची, तीन पावलं चालायचं आणि मागे वळून हसायचं. दुसरी फोन धरून. ओढणी तोंडावर आली, पुन्हा. मागून कुत्रं गेलं, पुन्हा. सूर्य बुडायला आला तशी फोन धरणारी वैतागली, "अगं लवकर कर ना, लाइट जातोय!" मी मोजत होते. अकराव्या वेळी जमलं. जमलेल्या चित्रात बोंबील नव्हते, त्यांचा वास अर्थातच नव्हता, वाळूत उकिडव्या बसून मासळी उलटवणाऱ्या दोन बायका नव्हत्या आणि आधीच्या दहा खेपाही नव्हत्या. घरी बसून हे बघणाऱ्या तिसऱ्या मुलीला दिसणार एक सोनेरी संध्याकाळ आणि सहज घडलेलं हसू.

त्या मुलींना मी नावं ठेवत नाही. मंडईत टोमॅटोची पाटी मांडणारा चांगली फळं वरच ठेवतो, आणि फोटोचा अल्बम करताना आपल्या आयांनीही मिटलेल्या डोळ्यांचे फोटो बाजूला काढलेच होते. फरक पडला तो पुढच्या टप्प्यावर. त्या वरच्या टोमॅटोंतूनही आणखी निवड करणारा एक अडत्या मधे आला आहे. फेसबुकनं २००९ च्या फेब्रुवारीत 'लाइक'चं बटण आणलं आणि कौतुकाला आकडा मिळाला. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामनं फोटो आले त्या क्रमानं दाखवणं सोडलं आणि कोणत्या फोटोवर तुम्ही थांबाल याचा अंदाज बांधून ते वर काढायला सुरुवात केली. यालाच अल्गोरिदम म्हणतात. काय वर आणि काय खाली हे ठरवणारी नियमांची साखळी. माणसं सुंदर, श्रीमंत, झगमगीत गोष्टींपाशी थांबतात. म्हणून त्या वर येतात. वर येतात म्हणून आणखी लोक थांबतात. मुलींनी अकरातून एक निवडलं होतं, फोन हजारातून एक निवडतो.

लाइकच्या आकड्याचा त्रास वेगळाच. फेस्टिंजरला वाटलं होतं की माप नसलेल्या ठिकाणी माणूस दुसऱ्याकडे बघतो. इथे दुसऱ्याकडे बघायलाही माप दिलं गेलं. ओढणी छान उडाली का, याचं उत्तर आता २१४ असं येतं, आणि मैत्रिणीच्या ओढणीला ३९० मिळालेले असतात.

हेवा, असूया आणि पोटदुखी

या भावनेसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. हेवा, असूया, मत्सर, आणि रोजच्या बोलण्यात जळणं, पोटात दुखणं. ते सगळे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे महत्त्वाचं. "मला तुझा हेवा वाटतो गं" असं मैत्रिणीला तोंडावर म्हणता येतं, ती खूशही होते. "मला तुझा मत्सर वाटतो" म्हणून बघा! हेव्यात तिच्याकडे आहे ते मलाही हवं असतं. मत्सरात ते तिच्याकडेही नसावं असं वाटतं. असूया तर आणखी बारीक. गुण समोर दिसत असूनही त्यावर दोष चिकटवणं, असा तिचा अर्थ अमरकोशात दिला आहे. नव्या गाडीचा फोटो बघून "हप्त्यावरच घेतली असणार" हे वाक्य आपल्या मनात ज्या वेगानं येतं, ती असूया.

डच भाषेतही असे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांच्यावरूनच तिथल्या संशोधकांनी २००९ मध्ये हेव्याचे दोन प्रकार तपासले. पहिल्या प्रकारात माणूस स्वतः वर चढायला बघतो, दुसऱ्यात समोरच्याला खाली ओढायला. समोरच्याला ते कष्टानं मिळालंय आणि मलाही मिळू शकेल असं वाटलं तर पहिला प्रकार बळावतो. लायकी नसताना मिळालं असं वाटलं तर दुसरा. फोनवरचं चित्र इथेच दगा देतं. त्यात फळ दिसतं, झाड लावतानाचे कष्ट दिसत नाहीत. कष्ट वगळले की प्रत्येक यश फुकटचं वाटतं, आणि हेव्याला असूयेकडे घसरायला उतार मिळतो.

२००९ मध्येच जपानी संशोधकांनी हेवा वाटत असलेल्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. हेवा जितका जास्त, तितका मेंदूच्या पुढच्या बाजूचा एक विशिष्ट भाग अधिक चेतवलेला दिसला. शारीरिक वेदनेच्या वेळीही जे भाग जागे होतात त्यांत तो येतो. त्या भागाला इतरही बरीच कामं असतात, त्यामुळे यावरून फार मोठे मनोरे रचू नयेत. तरी 'पोटात दुखतं' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी निदान 'दुखतं' हा शब्द बरोबर निवडला होता. (अवयव चुकला.) त्याच प्रयोगात पुढे, ज्याचा हेवा वाटत होता त्याच्यावर संकट आल्याचं वाचायला दिलं, तेव्हा बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग उजळला. हे वाचून मला स्वतःची थोडी लाज वाटली आणि थोडा दिलासाही मिळाला.

सगळ्यात जास्त हेवा कशाचा वाटतो? जर्मनीत २०१३ मध्ये फेसबुक वापरणाऱ्यांना हे विचारलं तेव्हा सहली आणि सुट्टीतली मजा वरच्या क्रमांकावर आली. सोनं-गाडीचं प्रदर्शन केलं तर लोक नावं ठेवतात. सूर्यास्ताच्या फोटोला कोण नावं ठेवणार? त्यामुळे तो बिनदिक्कत टाकता येतो आणि बघणाऱ्याला आपल्याला काय बोचलं हे कबूलही करता येत नाही. हाउसबोट आणि वेताची खुर्ची आठवा.

ही बोच पाकिटापर्यंत पोचते. नेदरलँड्समध्ये एक लॉटरी आहे, तिचं बक्षीस पिनकोडला लागतं. त्या गल्लीत ज्यांनी तिकीट घेतलं असेल त्यांना रोख रक्कम, शिवाय एकाला गाडी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं, त्या शेजाऱ्यांनीही पुढच्या काही महिन्यांत नव्या गाड्या घेण्याचं प्रमाण वाढलं. त्यांना एक छदामही मिळालेला नव्हता. फक्त शेजारच्या दारात गाडी उभी राहिली होती.

मोजल्यावर काय दिसलं

इथपर्यंत वाचून 'फोन म्हणजे विष' असा निकाल कुणी लावत असेल तर जरा थांबा. पुरावे संमिश्र आहेत.

मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ८२ जणांना दोन आठवडे दिवसातून पाच वेळा संदेश पाठवून विचारलं, आत्ता कसं वाटतंय आणि मधल्या वेळात फेसबुक किती बघितलंत? जितकं जास्त बघितलं, तितकं पुढच्या संदेशाच्या वेळी मन उतरलेलं. प्रत्यक्ष भेटीगाठींनी किंवा फोनवर बोलण्यानं मात्र तसं होत नव्हतं. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १४३ विद्यार्थ्यांपैकी एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट यांवर प्रत्येकी रोज दहाच मिनिटं घालवायला सांगितलं. तीन आठवड्यांनी त्यांचं एकटेपण आणि उदासी कमी झाली होती. यातली गंमत म्हणजे कसलंही बंधन न घातलेल्या गटातही चिंता थोडी घटली. आपण किती वेळ बघतो याची नोंद होतेय, एवढ्यानंच फरक पडला असावा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सुमारे २७०० लोकांना घेऊन मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा तासभर वाचला, माणसं थोडी अधिक समाधानी झाली. थोडीच. जादू झाली नाही.

उलट बाजूला, ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची आकडेवारी तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांशी लागत होता. नेहमी बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला! मग २०२१ मध्ये फेसबुकच्याच आतली कागदपत्रं बाहेर आली. ज्या किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांपैकी ३२ टक्के जणी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढलं म्हणत होत्या, असं कंपनीच्या स्वतःच्या पाहणीत नोंदलेलं होतं.

दोन्ही खरं कसं? पंगतीत तिखट रस्सा वाढला तर शंभरातले नव्वद जण हाशहुश करून आणखी मागतात. ज्याच्या पोटात आधीच व्रण आहे, तो रात्रभर तळमळतो. पंगतीची सरासरी काढली तर रस्सा निरुपद्रवी ठरेल. १९९७ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत लोकांना शब्दकोडी सोडवायला दिली आणि शेजारी बसलेला त्यांच्यापेक्षा भराभर सोडवतोय असं दाखवलं. मुळात आनंदी असलेल्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. मुळात खिन्न असलेले आणखी खचले. माझ्या मते सरासरीवर वाद घालत बसण्यापेक्षा घरातल्या कुणाच्या पोटात व्रण आहे हे ओळखणं जास्त गरजेचं आहे. खचलेला माणूसच रात्री दोनला दुसऱ्यांचे फोटो बघत बसलेला असतो, आणि ते बघून आणखी खचतो.

लग्नातली कोपऱ्यातली खुर्ची

२०१५ मध्ये बेल्जियम आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी फेसबुकच्या वापराचे दोन प्रकार वेगळे केले. नुसतं बघत राहणं, आणि काही लिहिणं-बोलणं. मन उतरवत होतं ते पहिलं, आणि ते मुख्यतः हेव्याच्या वाटेनं. लग्नाला गेल्यावर याचा अनुभव सगळ्यांनी घेतला असेल. कोपऱ्यातल्या खुर्चीत एकटं बसून शालू, दागिने, डेकोरेशन न्याहाळत राहिलं की अर्ध्या तासात डोकं भणभणतं. तेच कुणी हाताला धरून "अगं, अक्षता वाट जरा" म्हटलं की शालू दिसेनासे होतात, माणसं दिसायला लागतात.

त्या रविवारनंतर तीन दिवसांनी मी मावसबहिणीला फोन केला. मनातल्या मनात मला ऐकायचं होतं की बोटीत डास होते, जेवण बेचव होतं. असूया, दुसरं काय! ती म्हणाली, "ताई, इतकी मस्त झाली ना ट्रिप! आईंना पहिल्यांदा कुठेतरी नेलं. गुडघ्यामुळे त्या पाच वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या, तुला माहितेय ना?" मला माहीत नव्हतं. अकरा फोटोंत तिच्या सासूबाई एकातही नव्हत्या, कारण त्यांना फोटो काढून घ्यायला आवडत नाही. अर्धा तास बोललो. सहल खरंच चांगली झाली होती, आणि तरीही ऐकताना पोटात दुखलं नाही.

फोन प्रत्येकाला करता येत नाही, मान्य. ज्यांची स्टेटसं दर वेळी बोचतात त्यांना म्यूट करता येतं आणि त्यांना ते कळत नाही. इन्स्टाग्रामवर २०२१ च्या मे महिन्यापासून लाइकचे आकडे लपवण्याची सोय आहे, सेटिंगमध्ये शोधावी लागते. रात्री अंथरुणात फोन न घेण्याचा नियम मी दोनदा केला आणि दोनदा मोडला. सध्या चार्जर स्वयंपाकघरात ठेवला आहे.

मात्र घरातलं कुणी दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, झोप-भूक हरवली असेल, 'माझ्याच्यानं काही होणार नाही' असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर ते सेटिंग बदलून भागणारं प्रकरण नव्हे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा चालू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.